बालवाडीची निवड आणि आपली जबाबदारी

गेल्या जानेवारीतील एका रविवारी गिरणगावातील एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो होतो. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपात आम्ही दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले होते. गिरणी गेली, चाळीच्या जागी उंच इमारत झाली, आणि तिच्या चौदाव्या मजल्यावरील दोन खोल्यांत आता तो, त्याची पत्नी, मुलगा, सून आणि साडेतीन वर्षांचा नातू राहतात. मी गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर तीन शाळांची माहितीपत्रके मांडून ठेवलेली होती. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, आणि प्रत्येकीवर हसणारी गोरीगोमटी मुले. सुनेने मला सरळच विचारले, "काका, तुम्ही इतकी वर्षं लोकांमध्ये काम करताय. यातली कुठली शाळा घेऊ, ते सांगा."

मी पत्रके चाळली. पहिल्या शाळेत वर्ग वातानुकूलित होते. दुसऱ्या शाळेत पहिल्याच वर्षी इंग्रजी मुळाक्षरे, शंभरपर्यंत आकडे आणि छोटे छोटे शब्द लिहायला शिकवू, असे अभिवचन होते. तिसऱ्या शाळेच्या नावात एका थोर शिक्षणशास्त्रज्ञ स्त्रीचे नाव होते, आणि तिची फी सर्वांत जास्त होती. तिघांपैकी सर्वांत स्वस्त शाळेची वार्षिक फी माझ्या सहकाऱ्याच्या मुलाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. हा मुलगा एका ठेकेदाराकडे माल पोचवण्याच्या कामावर आहे. दरवर्षी त्याचा करार नवा होतो, किंवा होत नाही.

नातू कोपऱ्यात बसून एका चौकटीच्या वहीत उभ्या रेघा काढीत होता. दुसऱ्या शाळेत त्याची 'भेट' ठरली होती. परीक्षा किंवा मुलाखत म्हणायचे नाही, म्हणून 'भेट' म्हणायचे. त्या भेटीची ही तयारी होती. आजीने मला हळूच सांगितले, की गेले तीन आठवडे तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे. मी त्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आपल्या वर्तुळात अशा पालकांची चेष्टा करण्याची एक सवय आहे. मध्यमवर्गीय वेड, इंग्रजीचे भूत, शेजाऱ्याशी स्पर्धा, असे म्हणून आपण विषय झटकून टाकतो. हे अन्यायाचे आहे, आणि राजकीयदृष्ट्या आंधळेपणाचेही आहे. या सुनेला वाटणारी भीती खोटी नाही. तिच्या सासऱ्याच्या पिढीत गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला माणूस कधी ना कधी कायम होत असे, आणि आपल्या जागी मुलाला चिकटवण्याची आशा बाळगीत असे. ती वाट बंद झाली. ज्याच्या हाती यंत्र नाही, जमीन नाही आणि कायम नोकरीही नाही, त्याच्यापाशी मुलाला देण्यासारखे शिक्षणाखेरीज काय उरते? तेव्हा तो सर्व आशा शाळेवर लावतो. आणि आशा जितकी मोठी, तितकी घाई मोठी.

शिवाय व्यवस्थाच अशी केलेली आहे, की घाई न करणाऱ्याला शिक्षा व्हावी. पुष्कळशा खाजगी शाळा आपल्या पहिलीच्या जागा बालवर्गातूनच भरून घेतात. सहाव्या वर्षी जो दाराशी येईल, त्याला जागा शिल्लक नसते. म्हणजे कायदा ज्या वयात शिक्षणाचा हक्क देतो, त्याच्या आधी तीन वर्षे त्या हक्काचा बाजार भरून उठलेला असतो. अशा स्थितीत साडेतीन वर्षांच्या मुलाची आई तीन पत्रके मांडून बसली, तर ती वेडी नव्हे. ती या बाजाराचे नियम बरोबर ओळखून वागते आहे. आपल्याला बदलायचे आहेत ते हे नियम.

पण नियमांकडे वळण्यापूर्वी मुलाकडे पाहिले पाहिजे, कारण या सगळ्या चर्चेत त्याचीच आठवण कुणाला होत नाही. त्या दिवशी टेबलावर आम्ही फीची तुलना केली, बसच्या भाड्याची केली, इमारतीची केली, इंग्रजीची केली. मुलांना दिवसभर कोण सांभाळणार, ती बाई त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलणार, एका बाईकडे किती मुले असणार, त्यांना धावायला जागा किती, हे एकाही पत्रकात नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते शोधले नव्हते.

तीन ते सहा या वयात मूल जे शिकते, ते वहीत दिसत नाही. ते शिकते बोलायला, ऐकायला, थांबायला, वाटून घ्यायला. ते माती, पाणी आणि कागद यांच्याशी झटून आपल्या बोटांना वळण लावते. या वयात मनगटातील लहान हाडे अजून पुरती घडलेली नसतात. ओळीत बसणारे अक्षर काढण्यासाठी जे नियंत्रण लागते, ते मणी ओवून, कणकेचे गोळे करून, दोरी वळून आणि झाडावर चढूनच येते. हे न होता हातात पेन्सिल दिली, की मूल ती मुठीत आवळते, जोर लावून कागद फाडते, आणि 'घाणेरडे अक्षर' हा आपला पहिला परिचय घेऊन घरी येते. अक्षर घाणेरडे नसते. ते फक्त दोन वर्षे आधी मागितलेले असते.

संख्येचेही तेच आहे. त्या नातवाने मला इंग्रजीत शंभरपर्यंत आकडे न चुकता म्हणून दाखवले. घरच्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मग मी आजीकडून चिंचोके मागवले आणि त्याला म्हटले, "मला यातले सात दे." त्याने मूठभर चिंचोके माझ्या हातावर ठेवले. सात हा आवाज त्याला येत होता, सात ही संख्या अजून त्याच्या हाताला लागलेली नव्हती. त्यात त्याचे काहीही चुकले नव्हते. पाच मिनिटे आम्ही चिंचोके मांडत बसलो, तेव्हा सहा आणि सात यांत एकाचा फरक आहे, या शोधाने तो नाचू लागला. त्या पाच मिनिटांना पत्रकात काही नाव नाही, म्हणून त्यांची फी घेता येत नाही. आणि म्हणूनच ती कुणी विकत नाही.

भाषेविषयी तर अधिक गांभीर्याने बोलले पाहिजे. मूल जी भाषा घरातून घेऊन येते, त्याच भाषेत ते प्रश्न विचारते, तक्रार करते, कल्पना करते. बालवर्गाच्या दारात ती भाषा चपलेसारखी बाहेर काढून ठेवायला सांगितली, की मूल गप्प होते. बाईंना ती शांतता शिस्त वाटते, पालकांना प्रगती वाटते. इंग्रजी शिकू नये, असे मी म्हणत नाही. कामगाराच्या मुलाला इंग्रजी आलेच पाहिजे, आणि ते चांगले आले पाहिजे. पण ज्याला आपल्या भाषेत गोष्ट सांगता येते, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. ज्याला एकाही भाषेत मनातले सांगता येत नाही, त्याला दोन्ही भाषा परक्या होतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मी हलका मानत नाही. लोक म्हणतात, "खेळातून शिक्षण हे भरल्या घरच्यांचे चोचले आहेत. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, आईबाप पदवीधर आहेत, त्यांची मुले खेळली तरी पुढे जातील. आमचे मूल मागे पडले तर त्याला कोण हात देणार? त्याला लवकर अक्षर शिकवा." हा आक्षेप माझ्या सहकाऱ्यानेही घेतला. त्याने आयुष्यभर अन्याय पाहिला आहे, तेव्हा त्याचा संशय मी समजू शकतो. परंतु या युक्तिवादात एक गफलत आहे. ज्या घरी पुस्तके नाहीत, त्या घरच्या मुलाला गोष्टी, गाणी, संभाषण आणि हाताळायला वस्तू यांची गरज अधिक आहे. कारण या गोष्टी त्याला बालवाडीखेरीज दुसरीकडे मिळण्याचा संभव कमी. भरल्या घरचे मूल शाळेत रेघोट्या ओढून आले, तरी रात्री त्याला कुणी गोष्ट वाचून दाखवते. कष्टकऱ्याच्या मुलाचा तेवढाच वेळ रेघोट्यांत गेला, की त्याच्या वाट्याला फक्त रेघोट्याच येतात. म्हणजे लवकर लादलेला अभ्यास गरिबाच्या मुलाला पुढे नेत नाही, उलट त्याच्या हक्काची तीन वर्षे खाऊन टाकतो.

आणि बालशिक्षणाचा इतिहास हेच सांगतो, की ही कल्पना श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वाढली नाही. फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी आपले काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. १८४८ च्या क्रांत्या चिरडल्या गेल्यानंतर प्रशियाच्या सरकारने १८५१ साली या बागांवर बंदी घातली. कारण कोणते? तर त्या समाजवाद आणि नास्तिकता यांचा प्रसार करतात! बंदीनंतर वर्षभरातच फ्रोबेल वारला. ती बंदी १८६० मध्ये उठली. मुले एकत्र खेळतात, गातात, रोपे लावतात, यात राज्यकर्त्यांना धोका दिसला. आज त्याच बागेच्या नावाने मुलाला चौकटीच्या वहीत बसवले जाते, आणि कुणाला कसलाही धोका दिसत नाही.

मारिया मॉन्टेसरी यांचेही तसेच. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत त्यांनी आपले पहिले 'बालकांचे घर' उघडले. आईबाप कामावर गेल्यानंतर मागे राहिलेली मुले नव्या इमारतींचे जिने आणि भिंती खराब करतात, एवढीच त्या इमारतींच्या मालकांची अडचण होती. मॉन्टेसरी या डॉक्टर होत्या. त्यांनी त्या दुर्लक्षित मुलांकडे लक्षपूर्वक पाहिले आणि त्यांतून एक शिक्षणपद्धती उभी केली. कामगारांच्या मुलांनी जगाला दिलेली ती देणगी होती. आज आपल्या शहरांत त्यांचे नाव ज्या पाट्यांवर असते, त्यांतील पुष्कळशा पाट्यांखालून कामगाराचे मूल आत जाऊ शकत नाही. सुनेच्या टेबलावरील सर्वांत महाग पत्रकावर तेच नाव होते.

आपल्या घरचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाई दादरच्या शिशुविहारात थांबल्या असत्या, तरी महाराष्ट्राने त्यांचा गौरवच केला असता. पण शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे काम राहू नये, म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. त्याच वर्षी त्याच मुलखातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, हे येथे आठवावे. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसले तेव्हा या बाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेत येऊ शकत नाही, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणल्या. परदेशी महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पाने आणि खडे यांतून साधने केली. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो. तो या अंगणातून उगवला आहे. आदिवासी मुलांना मागे पडण्याची भीती दाखवून त्यांनी रेघा ओढायला बसवले नाही, ही गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

आता कायद्याकडे वळू. आपल्या संविधानाच्या मूळ पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यसंस्थेला सांगितले होते. चौदा वर्षांपर्यंत, असे त्यात म्हटले होते. सहाव्या वर्षापासून, असे म्हटले नव्हते. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानले. त्यानंतर २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली, आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. परंतु या दुरुस्तीने मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा या वयाला. सहा वर्षांखालील मुलांना त्या हक्कातून बाहेर काढून, राज्य त्यांच्यासाठी 'प्रयत्न करील', या जुन्या आश्वासनाच्या खोलीत नेऊन बसवले. ज्या मुलांना हक्क मागता येत नाही, त्यांचाच हक्क सोडून देणे सर्वांत सोपे असते.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा याच पायावर उभा आहे. त्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आणि पहिल्या भंगाला पंचवीस हजार, पुढील प्रत्येक भंगाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण या कायद्यातील 'बालक' म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे मूल. तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलाची 'भेट' घेणाऱ्या शाळेला पळवाट मोकळी राहते. अकरावे कलम तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाविषयी आहे. मात्र सरकार तशी व्यवस्था 'करू शकेल', एवढेच ते म्हणते. 'करील' आणि 'करू शकेल' या दोन शब्दांच्या मधल्या फटीत हा सगळा बाजार उभा राहिला आहे.

याची कल्पना सरकारला नव्हती, असेही नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 'ओझ्याविना शिक्षण' हा आपला अहवाल १९९३ मध्येच दिला होता. लहान मुलांच्या संस्था उघडण्यावर व चालवण्यावर नियंत्रण ठेवणारे कायदे करावेत, बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, वाचन, लेखन आणि अंक यांचा अकाली मारा हा मुलांवरील अत्याचार आहे, असे त्या समितीने स्पष्ट शब्दांत सांगितले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, खेळ व कृती यांवर भर दिला, आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार बालशिक्षण मिळेल असे म्हटले. शब्द चांगले आहेत. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरण पाळले नाही म्हणून कुठल्याही आईला न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

सरकारपाशी या कामासाठी यंत्रणा नाही काय? आहे, आणि ती फार मोठी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. इतक्या वस्त्यांत, इतक्या पाड्यांत पोचलेली लहान मुलांची दुसरी संस्था आपल्याकडे नाही. पण या संस्थेचे आपण काय केले? पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे पोषण व आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण, अशी सहा कामे एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या डोक्यावर ठेवली. वजने घ्यायची, नोंदी ठेवायच्या, त्या मोबाईलमध्ये भरायच्या, सर्वेक्षणे करायची, आणि यातून वेळ उरला तर मुलांना गाणे शिकवायचे. मूल कुपोषित राहिले तर जाब विचारला जातो, हे योग्यच आहे. पण मुलाला दिवसभरात एकही गोष्ट ऐकायला मिळाली नाही, म्हणून जाब विचारणारा कुणी नाही.

आणि या कामाचा मोबदला? त्याला वेतन म्हणतच नाहीत, 'मानधन' म्हणतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सेविकेच्या मानधनाचा दर तीन हजारांवरून साडेचार हजार रुपये महिना केला. राज्ये त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रातील भरही सेविकांनी लढून मिळवलेली आहे. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला त्यांचा संप जानेवारी २०२४ पर्यंत, पन्नासहून अधिक दिवस चालला. सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. ज्या समाजात साडेतीन वर्षांच्या मुलाच्या खाजगी बालवर्गासाठी बाप दोन महिन्यांचा पगार मोजतो, त्याच समाजात सरकारी बालवर्गाच्या शिक्षिकेला आपण कर्मचारी आहोत हे सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जावे लागते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. सार्वजनिक अंगणवाडी दुबळी ठेवली, म्हणूनच खाजगी पत्रकांचा धंदा चालतो.

येथे आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. माझ्या सहकाऱ्याच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर एक अंगणवाडी आहे. त्या दिवशी टेबलावर तिचे नाव कुणी काढले नाही. मीही काढले नाही. चाळीस वर्षे समान शाळेच्या मागणीचे ठराव मांडणाऱ्या माझ्या तोंडी ते नाव आले नाही, कारण तेथे 'दुसऱ्यांची' मुले जातात, हे माझ्याही मनात खोलवर बसलेले होते. माझी स्वतःची मुलगी लहान असताना मी तिला म्युनिसिपालिटीच्या बालवाडीत घातले नव्हते. घराजवळच्या चांगल्या खाजगी बालमंदिरात घातले होते. व्यासपीठावर मात्र मी म्युनिसिपल शाळा वाचवण्याविषयी बोलत होतो. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळेची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यामागचा साधा विचार हाच होता, की ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांची मुले ज्या शाळेत असतात, ती शाळा सुधारते. आपण आपली मुले काढून घेतली आणि आवाजही बरोबर नेला. मागे उरलेल्यांनी शाळा सुधारावी, अशी अपेक्षा मात्र करीत राहिलो.

मग करायचे काय? एकट्या पालकाने आपल्या मुलाचा बळी देऊन व्यवस्थेशी लढावे, असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही, मला तर नाहीच. परंतु पालकांनी तुलना करायचीच असेल, तर निदान योग्य गोष्टींची करावी. बाई मुलांशी कशा बोलतात, हे दारात अर्धा तास उभे राहून पाहावे. एका बाईकडे किती मुले आहेत, त्या बाईला प्रशिक्षण आणि पुरेसा पगार आहे काय, मुले दिवसातून किती वेळ उघड्यावर खेळतात, घरची भाषा बोलणाऱ्या मुलाला उत्तर मिळते की दटावणी, हे विचारावे. आणि गृहपाठ देता काय, असे विचारून 'हो' उत्तर आले, तर ती शाळा यादीत खाली टाकावी. हे प्रश्न एकेका आईने विचारले तर शाळा हसतील. एका इमारतीतील दहा आयांनी मिळून विचारले, तर त्यांना हसता येणार नाही.

कार्यकर्त्यांचे काम याहून मोठे आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेत आणावे, अकराव्या कलमातील 'करू शकेल' हा शब्द बदलून 'करील' असा करावा, आणि चाचणीवरील बंदी बालवर्गापासून लागू करावी, ही मागणी आपण प्रत्येक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आणली पाहिजे. प्रत्येक अंगणवाडीत बालशिक्षणासाठी स्वतंत्र प्रशिक्षित शिक्षिका हवी, आणि सेविका व मदतनीस यांना मानधनाऐवजी वेतन हवे. त्यांच्या लढ्यात आपण पाठिंब्याचे पत्रक काढतो आणि घरी जातो. पालकांना त्या लढ्यात उतरवणे हे आपले काम आहे. सेविकेचे वेतन आणि मुलाचे बालपण हा एकच प्रश्न आहे, हे पालकांना पटले, तर तो लढा वेगळ्या बळाचा होईल.

आणि सगळ्यात आधी करण्याजोगी गोष्ट फार साधी आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या वस्तीतील अंगणवाडीत एकदा जावे. छप्पर गळते काय, पाणी आहे काय, खेळणी पेटीत कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात आहेत, हे पाहावे. आठवड्यातून एक तास तेथे गोष्ट सांगायला, गाणे म्हणायला आपल्यातील निवृत्त साथी नक्कीच जाऊ शकतात. साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्यांना लहान मुलांना गोष्ट सांगण्याचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

माझ्या सहकाऱ्याच्या नातवाला शेवटी दुसऱ्या शाळेतच प्रवेश मिळाला. 'भेटी'त त्याने रंगांची नावे बरोबर सांगितली म्हणे. मी त्या घराला दोष देत नाही. मात्र सुनेने शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला विचारले, की पहिल्या वर्षी लिहायला लावले नाही तर चालेल काय. "इतर पालकांचीच तशी मागणी असते," असे उत्तर तिला मिळाले. तेव्हापासून ती त्या इतर पालकांना एकेक करून भेटते आहे. आतापर्यंत चौघी मिळाल्या आहेत, आणि चौघींनीही तिला तेच सांगितले, की आम्हाला वाटले मागणी तुमची आहे.

मी या महिन्यापासून दर बुधवारी त्या दहा मिनिटांच्या अंतरावरील अंगणवाडीत जातो. सेविकाबाईंनी पहिल्या दिवशी मला तपासणी अधिकारी समजून नोंदवह्या पुढे केल्या. मी चिंचोक्यांची पिशवी काढली, तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी मुलांना गोल करून बसवले. तेथे आणखी दोन माणसांची गरज आहे. जवळपासच्या साथींनी कळवावे.